फाटक

महापुरात महापालिकेचं दप्तर भिजलं
तेव्हा जुन्या रुळांचा नकाशाही लगदा झाला.
त्यामुळं ट्रामचा सर्व्हे करायला आलेले आम्ही तिघं
हळदीच्या वखारीपुढं उभं राहून
एकमेकांनाच विचारत होतो,
सांगलीहून मिरजेला जाणारी गाडी
नेमकी कुठून वळायची?

स्टेशन चौकात स्टेशन नाही.
रिक्षावाल्याला विचारलं, तर म्हणाला,
"नावच हाय तसलं."

मग कुणीतरी शेवंता वायदंडेंचं नाव सांगितलं.
फाटकवाल्या धोंडिबाची लेक. वय ऐंशीच्या पुढं.
रस्ता ओलांडताना एका ठिकाणी थांबते,
डावीकडं बघते, उजवीकडं बघते,
मग पदर खोचून चालू लागते.
तिथं सिग्नल नाही, वळण नाही, काही नाही.
पोरं हसतात. मागचे हॉर्न वाजवतात.

ती आमच्यासोबत आली, चपला हातात घेऊन.
"पायाला कळतं," म्हणाली, "चपलेला न्हाई."
भडंगाच्या दुकानाशी थांबली. "हितं सांधा हुता,
खडाक् करायचा."
बँकेच्या पायरीशी: "हितं इंजिन पाणी प्याचं."
तिच्या मागं आमचा पोऱ्या खडूनं रेघ ओढत होता
आणि स्कूटरी ती रेघ पुसत जात होत्या.

रूळ उपटले तेव्हा लिलाव झाला, ती सांगत होती.
एक वखारीच्या माळ्याखाली आडवा पडलाय,
अजून हळद पेलतो.
एक कुणाच्या तरी विहिरीवर.
हातभर तुकडा शाळेनं नेला.

"पुन्हा येणार म्हणता? फाटक ठेवणार का?"
ट्रामला फाटक नसतं, आजी.
"मग माणसं थांबणार कशी?"

तेवढ्यात अकरा वाजले.
गल्लीच्या टोकाला शिपायानं
टांगलेल्या लोखंडावर टोला दिला,
आणि म्हातारी रस्त्याच्या मधोमध
हात आडवा करून उभी राहिली.

दोन ट्रॅक्टर, एक टेम्पो, शहर बस,
सगळे थांबले.
आम्हीही.

अहवालात मी अंतर लिहिलं, वळणाची त्रिज्या लिहिली,
अंदाजे खर्चापुढं बरीच शून्यं.
"माहितीचा स्रोत" या रकान्यावर
बराच वेळ पेन टेकवून बसलो.
मग लिहिलं: तळपाय.

वरून शेरा आला:
खुलासा करावा.