सात नंबरचं ठाण

पागेच्या फळ्यावर खडूने लिहिलंय:
दुसऱ्याच्या घोड्याला हात लावू नये.
खाली थर्लोबाईंची सही,
शेजारी कुणा पोराने काढलेलं गाजर.

मी पहाटे पाचला येते, टपालाची गाडी भरायच्या आधी.
वेअरडेलच्या खोऱ्यात तेव्हा मेंढ्या जाग्या असतात
आणि बार्नबी.
सहामध्ये माझी डचेस, म्हातारी, मिजासखोर.
सातमध्ये तो. कुमैत. कपाळावर पुसट चांदणी,
कुणी खोडायला घेतली आणि मध्येच उठून गेलं, तशी.

नोव्हेंबरात पहिल्यांदा ध्यानात आलं.
बादलीतल्या पाण्यावर काचेसारखा बर्फ
आणि बर्फावर त्याच्या श्वासाने पडलेला एक धूसर गोल.
मी टाचेने बर्फ फोडला.
बर्फ म्हणजे काही घोडा नव्हे,
नियम मोडला नाही, म्हटलं.

मग ओंजळभर चंदी, डचेसच्या वाट्यातली.
मग गवताची पेंढी.
मग एकदा खरारा, विजेरी तोंडात धरून.
झूल उचलली तर खाली केस चिकट, खपल्या,
आणि बरगड्या.
डाव्या बाजूच्या मोजल्या.
उजव्या बाजूला गेले नाही.

पागेत आम्ही अकराजण.
डोळे सगळ्यांनाच आहेत.
'भाडं वेळेवर येतं तिचं,' थर्लोबाई म्हणाल्या.
'वय झालं असेल,' डेन्झिल म्हणाला. (नऊ वर्षांचा आहे तो!)
नालबंद कॅलम सातपुढे बराच वेळ उभा राहिला,
जुन्या चपलांसारखे पुढे वळलेले ते खूर बघत.
'मला बोलावलेलं नाही,' म्हणाला
आणि काहीही न कापलेली सुरी पुसत राहिला.

डिसेंबरात एका रविवारी इमोजेन आली.
गाडीचं इंजिन चालूच ठेवून
अर्ध्या दारावरून डोकावली.
'बरा दिसतोय की,' म्हणाली, कुणालाच उद्देशून नाही.
'थंडी मानवलीय त्याला.'

आणि तो दिसतही होता बरा. थोडासा.
माझ्या ओंजळीएवढा.

त्या रात्री झोप लागली नाही.
महिनाभर मी घोडा नव्हते जगवत,
त्याच्यावर पांघरूण घालत होते.
खालचं कुणाला दिसू नये म्हणून
आणखी एक झूल.

सोमवारी चंदी घालू नये असं ठरवलं.
घातली.
त्याने कान पुढे केले, त्याला काय सांगणार होते मी?

फोन गाडीतूनच केला, गिरणीच्या वळणावर.
'नाव कळवायचं नसेल तरी चालेल,' पलीकडची बाई म्हणाली.
मी कळवलं. एकेक अक्षर सुटं करून.

मग तिच्या दारात गेले.
लाल छापाची पाकिटं तिथे मीच टाकते,
सप्टेंबरपासून, आठवड्याला दोन, तीन.
कुणाच्या घरात काय शिजत नाही
ते टपालवालीला आधी कळतं,
आणि त्यावर बोलायचं नसतं, हाही एक नियम.

दुपारचे दोन. अंगात रात्रीचेच कपडे.
'मीच कळवलंय त्यांना,' मी म्हटलं. 'बार्नबीचं.'
ती माझ्या हातातल्या पाकिटांकडे बघत होती.
'मी येते रोज,' म्हणाली. 'फाटकापर्यंत येते.
गाडीतून उतरताच येत नाही मला.'
यावर माझ्याकडे काही नव्हतं.
पाकिटं दिली. सही लागत नव्हती.

गुरुवारी तपासणीवाली आली. तरुण, गमबूट चिखलाने भरलेले.
तिने हातमोजा काढून बरगड्यांवर हात ठेवला,
काहीतरी लिहिलं,
मग वळसा घालून उजव्या बाजूला गेली.
मी फळ्याकडे बघत राहिले, गाजराकडे.

पुढचं अजून ठरलेलं नाही.
कागद आहेत, मुदत आहे,
कॅलमला मात्र बोलावणं आलंय, पैसे कोण देणार विचारू नका.
थर्लोबाई माझ्याशी बोलत नाहीत.

आज पहाटे पोचले
तर सातच्या बादलीतला बर्फ आधीच फोडलेला.
टाचेने नाही, कशाच्यातरी टोकाने, घाईघाईत,
किल्लीने असेल.
बार्नबी पीत होता, मान वर न करता.
डचेसने दात विचकले.
तिच्या चंदीला उशीर झाला होता.