परत

महापेच्या सातव्या मजल्यावर, रात्री पावणेतीनला,
मी परक्या देशातलं भांडण टाइप करते.
मिनिटाला चौदा रुपये.
कानांवर हेडफोन, पायाखाली पेडल :
दाबलं की माणसं बोलतात,
सोडलं की तोंड उघडं ठेवून थांबतात.

आज कुठल्याशा किनाऱ्यावरच्या गावाचं सभागृह.
खुर्च्या सरकतात, कुणी खोकतं.
विषय : छोट्या होड्या.
त्यांतून रात्रीचा समुद्र ओलांडून आलेली माणसं
ठेवायची की परत पाठवायची.

पहिला वक्ता : परत पाठवा.
टाळ्या.
दुसरी बाई, आवाज कापरा : पाठवाल हो, पण कुठे?
तिसरा म्हणतो, माझी पोर चार वर्षं
घराच्या यादीत खोळंबली आहे.
त्याचा आवाज वाईट नाही.
सिडकोच्या रांगेत माझ्यापुढे उभा असता
तर मी त्याला माझी पाण्याची बाटली दिली असती.

एक्केचाळिसाव्या मिनिटाला एक जण उठतो,
होडीतून आलेल्यांपैकी.
माइक त्याच्यापर्यंत पोचत नाही.
सतरा सेकंद.
दाबते, मागे घेते, दाबते.
नियम असा : तीनदा ऐकून कळलं नाही
तर चौकोनी कंसात लिहायचं अस्पष्ट
आणि पुढे जायचं.
मी पुढे जाते.

सकाळी कॅब दिवाळ्याच्या फाट्यावर सोडते.
आबा ओट्यावर जाळं सांधत बसलेले,
पायाच्या अंगठ्यात दोरा ताणून.
मी चहा घेता घेता सांगते. ते विचारतात :
"कवरी मानसा व्हती एका होरीन?"
पन्नास.
"नि होरी केवरी?"
मी ओट्यापासून नळापर्यंत बोट फिरवते.
"लाकराची?"
रबराची. हवा भरलेली.
आबांची सुई थांबते.
"हवेला नांगर कसा बांधतान?"

मग बराच वेळ काही बोलत नाहीत.

हेच आबा शिमग्याआधी गावकीत उठले होते.
बारीक आसाची जाळी घेऊन
आमच्या खाडीत परक्या होड्या शिरल्या,
चिवणीचं पिल्लूसुद्धा सोडत नाहीत म्हणून
देवळाच्या पायरीवरून ओरडले होते :
परत पाठवा त्यांना.
हात वर झाले. चाळीसेक.
एक माझा.
आम्ही जेट्टीवर गेलो तेव्हा ओहोटी लागलेली.
त्यांच्यातला एक पोरगा, सतराचा असेल,
गुडघाभर चिखलात, डोक्यावर जाळं,
आमच्याकडे तोंड करून काहीतरी म्हणाला.
वारा होता.
त्या बैठकीचं इतिवृत्तही मीच लिहिलं,
माझं अक्षर बरं म्हणून.
त्यात तो पोरगा नाही.

परत.
आपल्या भाषेत हा शब्द मागेही ढकलतो
आणि पुन्हाही आणतो.
त्यांना त्यासाठी दोन शब्द लागतात.
आबा खाडीत उतरताना
"जातो" कधी म्हणाले नाहीत, जन्मात.
होडी ढकलतात, पाठमोरेच म्हणतात : येतंव.
कोणाला म्हणतात, माहीत नाही.
घरात त्या वेळी सगळे झोपलेले असतात.

दुपारी सिजोचा मेसेज :
फाइल परत आली आहे,
एक्केचाळिसावं मिनिट परत ऐक,
इतकं अस्पष्ट चालत नाही.

म्हणून आज चौथ्यांदा.
खुर्ची. खोकला. कुणाची तरी पिशवी.
त्यांच्या खाली, अगदी तळाला, निवट्या हलावा तसा
एक आवाज, आणि त्यातले पहिले चार शब्द :
मागे ऐकू येतंय का?

तेवढं लिहिलं.
पुढच्या चौदा सेकंदांवर
पाय अजून दाबलेला आहे.