अंश आणि छेद

मे महिना, दुपारचे सव्वाबारा.
गोळीबार चौकातून आत, तिसऱ्या गल्लीत
मी सांगते, दोन मिनिटं कूलर बंद करा,
त्याच्यानं मशीनची रेघ थरथरते.
निपानेकाकू म्हणतात, बाप्पा, जीव घेता काय.
तरी बटण दाबतात.
खसाचा ओला वास हळूहळू कोरडा पडतो.

लाल चिमटा उजव्या मनगटाला, पिवळा डाव्या,
हिरवा डाव्या घोट्याला, काळा उजव्या.
छातीवर जेलचे सहा ठिपके.
"हे तं मस्त थंड आहे. अजून लावा न."

घर क्रमांक एकशे सत्तेचाळीस.
डोमाजी निपाने, वय एकाहत्तर, चाळीस वर्षं हातमागावर.
गुलाबी चौकटींचा कागद बाहेर येतो.
मी वहीच्या कडेवर पेन्सिलीनं खुणा करते,
शिखर, शिखर, शिखर,
आणि कड पुढे सरकवते.
खुणा बसत नाहीत.
परत सरकवते.
प्रत्येक शिखराआधी असते ती बारकी टेकडी
कुठेच नाही, तिथे नुसतं गवत हलतंय.

"काका, माग चालवताना धोटा कसा जायचा?"
"लयीत. लय असल्याबिगर कापड होते काय?"
"आता तुमचं काळीज
मनात येईल तेव्हा धोटा फेकतंय."
ते हसतात. "पण दुखत नाही न कुठं."

दुखत नाही कुठं, तेच तर.
वरचे दोन कप्पे आकसायचं सोडून
नुसते फडफडतात,
कोपऱ्यात रक्त थबकतं, दह्यासारखं लागतं,
आणि एक कवडी सुटून निघते मेंदूकडे.
सकाळी चहा
ओठाच्या एकाच बाजूनं गळतो.
गल्ली म्हणते, लकवा मारला.
घाटावरच्या वहीत वृद्धापकाळ लिहितात,
नाहीतर, झोपेत गेले.
लयीसाठी त्या वहीत रकाना नाही.

मी मेडिकलची चिठ्ठी फाडून देते.
"लग्नसराई आटोपली का जातो."

ट्रेनिंगला रंगारी मॅडमनी जगाचा नकाशा लावला होता.
कुठे गडद तांबडा, कुठे फिका,
आपण फिक्यात.
मागच्या बाकावरून अर्शिया म्हणाली, चला, आपण वाचलो.
मॅडम बराच वेळ खडूच बघत राहिल्या.
मग म्हणाल्या, जिथे मशीन पोचली तिथे रंग चढला.
फळ्यावर एक आडवी रेघ ओढली.
वर अंश: ज्यांची लय बिघडलेली सापडली.
खाली छेद: ज्यांना ज्यांना तपासलं.

आज संध्याकाळपर्यंत आमचा अंश एकोणतीस,
छेद एक हजार सहाशे बारा.
त्यात जरीपटक्यातले कापडवाले आहेत,
अजनीच्या क्वार्टरातले एक रिटायर गार्ड,
ज्यांना आपली नाडी गाडीसारखी वेळेवर वाटायची,
आणि मोमिनपुऱ्यातली एक आजी,
जिने माझंच मनगट धरून विचारलं, तुझी कोण बघते गं?

फॉर्मवर तिसरा एक रकाना आहे: घर बंद.
क्रमांक दोनशे तीन. सुलोचना हेडाऊ, वय अठ्ठावन्न.
तीनदा गेले, तिन्हीदा कुलूप.
पोळ्या लाटायला जाते, शेजारीण सांगायची, रात्रीच भेटन.
नियम तीनच फेऱ्यांचा.
चौथ्यांदा मी आपली सहज वळले, मशीन खांद्यावरच होती.

दारात चपला होत्या, खूप,
एकमेकींवर पडलेल्या.
मुलगी पुढे आली. "तुम्ही कोन?"
"सर्वेवाली."
तिनं पाणी आणून दिलं.
म्हणाली, लाटता लाटता बेलनं खाली पडलं फक्त,
उचलाले वाकली, अन् मंग उठलीच नाही.
तिच्या छातीतलं काय बिघडलं होतं
हे मला ठाऊक नाही. आता कुणालाच नाही.
मशीनची पिशवी मी पाठीमागे सरकवली.
आतला कूलर आधीच बंद होता.

कोपऱ्यावरच्या पानठेल्यापाशी उभी राहून फॉर्म काढला.
अंशात तिला घेता येत नव्हतं,
छेदातही नाही.
उरलेल्या चौकटीत खूण केली, घर बंद,
आणि मागे वळून पाहिलं तर
दोन्ही फळ्या सताड उघड्या.