खिडकी क्रमांक चार

तेमुकोच्या नोंदणी कचेरीत
एलियाना वेन्चुमान अठरा वर्षं चार नंबरला.
जन्म, लग्न, मृत्यू – शिक्का एकच,
हाताचा जोर तेवढा वेगळा.

भाऊ तिचा पुएर्तो मोन्तला, माशांच्या कंपनीत.
फोनवर हसायचा, सरकारी खुर्ची, तुला कसला गं ताण?
तो स्वतः मोटारीतच जेवतो, इंजिन चालू ठेवून,
हे त्याच्या बायकोनं सांगितलं, फार नंतर.

जूनच्या थंडीत ती झोपेत 'पुढचे' म्हणू लागली.
मुलानं दूध मागितलं तर म्हणाली, ओळखपत्र?
दोघंही हसले.
मग तो हसायचा थांबला.

एका मंगळवारी तिनं शिक्का उचलला
आणि तो खाली येईना.
समोर एक म्हातारा, काखेत टोपी,
बायकोच्या मृत्यूचा कागद पुढे सरकवलेला.
तो थांबला. आम्ही सगळेच थांबलो.
शेवटी काचेखालून हात घालून
त्यानंच तिचं मनगट धरलं
आणि हळूच कागदावर टेकवलं.

रजेचा अर्ज द्यायला आली
तेव्हा साहेबांच्या दाराकडे न जाता
तिनं नंबर घेतला. सत्याहत्तर.
बाकावर बसली, पिशवी मांडीवर.
शेजारची बाई करवादली,
चारला कुणीच नाही, बघा. पगार मात्र वेळेवर.
"हो ना," एलियाना म्हणाली, "कुणीच नाही."

मी पाच नंबरला.
तिच्या खुर्चीवर अजून तिची करडी शाल.
सत्याहत्तर माझ्याच बोटाखाली होता.
बटण दाबलं नाही लगेच.
बसलीय, बसू दे.

रांग दाराबाहेर गेली होती.