चार मिनिटं अकरा सेकंद

रात्रीचा खेळ सुटला की आम्ही बुरेकच्या दुकानात जातो,
वार्दर नदीच्या अल्याड, दगडी पुलामागच्या गल्लीत.
आग्रोन भट्टी विझवायच्या बेतात असतो,
आम्हाला बघून तोंडातल्या तोंडात पुटपुटतो,
आणि शेवटी पिठाचे हात पुसत येऊन बसतोच.

आज पुन्हा ‘मिठाचा ग्रह’ लागला होता, अठरा वर्षांनी.
तेच ठिगळांचं यान, तोच केबलला लोंबकळणारा कप्तान,
आणि ते हॉर्न.
सहा फ्रेंच हॉर्न एकदम उठतात तेव्हा
माझ्यासारख्या दातांच्या कवळ्या घडवणाऱ्या माणसालाही वाटतं
आपली कुणीतरी कुठेतरी वाट बघतंय.

स्पासे म्हणतो, अवकाशात हवा नाही, मग आवाज कुठून आला?
हे तो दर वेळी म्हणतो.
ग्लिगोर लाल दुमजली बस चालवतो.
त्याचंही उत्तर ठरलेलं :
पहाटे डेपोतून रिकामी बस काढतो ना मी,
तेव्हाही वाजतंच की काहीतरी.
इंजिन नव्हे रे. दुसरं.

मग गाडी त्या आवाजावर येते. यायचीच.
चार मिनिटं अकरा सेकंद.
ग्रह फुटून गेलेला,
व्हायोलिनं एकेक करून मागे सरतायत,
चेलोंचा एकच खालचा स्वर उरलाय, तोही श्वासापुरता,
आणि तेवढ्यात
कर्र.

या एका कर्रवर आम्ही किती रात्री जाळल्या!
मी म्हणतो, थंडीनं यानाचं कवच आकसतंय.
स्पासे म्हणतो, कप्तानाच्या आत काहीतरी तडकलं.
आग्रोननं तर एकदा कणकेच्या फळीवर घड्याळ ठेवून
सिद्ध केलं होतं की तो बरोबर मध्यावर येतो,
संगीतकारानं मोजूनमापून पेरलाय.

‘‘खुर्ची आहे ती.’’

कोपऱ्यातल्या टेबलावर एक बाई. समोर आयरानचा पेला.
नाव ल्युप्का. व्हायोला वाजवायची, मागच्या रांगेत.
‘‘इथंच वाजवलं आम्ही ते, नदीपलीकडच्या स्टुडिओत.
फेब्रुवारी. हीटर बंद, कारण हीटर गुणगुणायचा.
बोटं कापलेले हातमोजे घालून बसलो होतो.
चित्रपट? छे हो, कोण दाखवतंय!
कानात टिकटिक, समोर आकडे :
एकशे बारापासून एकशे चाळीसपर्यंत, हळू, आणखी हळू.
तुमचा ग्रह फुटत होता तेव्हा
मी मुलाच्या तापाचा विचार करत होते.
पाच वेळा वाजवलं. सहाव्या वेळेचे पैसे नव्हते.
पाचव्यांदा क्रस्ते हलला, चेलोवाला.
पाठीचं दुखणं त्याचं.
दोन दिवस तोंड चुकवत होता बिचारा.
पण तिकडून, कुठल्या देशातून कोण जाणे, फोनवर साहेब म्हणाले,
राहू दे, छान आहे.’’

कुणी बोललं नाही.
आग्रोननं न मागता तिच्यापुढे पालकाचा बुरेक सरकवला.

‘‘भेटतो का तो अजून?’’ मी विचारलं.
‘‘गेला,’’ ती म्हणाली, आणि बुरेकचा कडक पदर
बोटांनी सोलत राहिली.

‘‘तरीही,’’ स्पासे म्हणाला, ‘‘ते कवचच आहे.’’
ती हसली. ‘‘असू दे की.’’

ग्लिगोरनं फोन काढून दोन ताटल्यांमध्ये उभा केला.
आम्ही चौघं आणि ती, पाच डोकी जवळ,
भट्टीची ऊब पाठीला.
हॉर्न आले, गेले. ग्रह फुटला.
व्हायोलिनं मागे सरली.
कर्र.
आता त्यात पाठ होती, फेब्रुवारी होता,
सहाव्या वेळेचे नसलेले पैसे होते.

ल्युप्कानं मात्र तिथे मान हलवलीच नाही.
ती थांबली होती पुढच्या कशासाठी तरी.
‘‘हां, इथे,’’ ती म्हणाली,
‘‘इथे मी पाव स्वर खाली आहे. ऐकलंत?’’

अठरा वर्षं हे संगीत आम्हाला तोंडपाठ.
आम्ही एकमेकांकडे पाहिलं.
ग्लिगोरनं पुन्हा मागे नेऊन लावलं.