मोजणी

रास अल खैमाच्या खाडीतली तिवरं मी मोजली
ओहोटी गाठून, गुडघाभर चिखलात,
नगरपालिकेच्या, एक नंबर मोठ्या बुटांत.
अलीकडे मॉल, पलीकडे पुलाची घरघर,
मधे हे रान, पानांवर मिठाचा घाम आणणारं.

खमीस म्हातारा होडीतून दटावतो:
तिवर काय, गुर्म म्हण, गुर्म!
त्याची आई उंटांना हाच पाला घालायची.
आमच्या जैतापूरला याचं सरपण होतं,
हे मी त्याला सांगत नाही.

अर्ज जायचाय स्वित्झर्लंडला.
जगानं हे रान का जपावं,
दोनशे शब्दांत.
रोहित किती, खेकडे किती, भरलं.
'स्थलांतरित' या रकान्याशी मी रेंगाळलो,
तर हुदाबाई म्हणाल्या, पक्षीच फक्त.

संरक्षण किती काळ?
त्यांनी लिहिलं: कायम.
माझ्या व्हिसाला अजून सात महिने आहेत.

संध्याकाळी बूट धुताना
तळव्याच्या खाचेतून बी निघालं,
कोंब फुटलेलं.
तसाच ओल्या पायांनी परत गेलो,
चिखलात टोचून आलो.

अर्जातला आकडा आता एकानं चुकतो.