गार कान

पावणेदोनला मोफज्जलचा फोन:
सात नंबरात एक बसलीये, उठत नाही.

बाहेर अडतीस अंश. अल-खर्जचा जुलै.
पंखे घोंघावतायत, फवारे दर पाच मिनिटांनी
गाईंच्या पाठीवर धुकं सोडतात
आणि वाळवंट ते वरच्यावर पिऊन टाकतं.

मी आधी तिचे कान धरले.
गार.
एवढ्या धगीत माठाच्या बुडासारखे गार.
मान वळवून कुशीत घातलेली, नाकपुडी सुकलेली,
काल दिवेलागणीला व्यालेली,
चीक अजून सडांत तटलेला.
नाव नाही. पिवळा बिल्ला: ४४१७.
आमच्या जतच्या गोठ्यात चार म्हशी, चौघींना नावं.
इथे साडेतीन हजार.
नावं ठेवत बसलो तर धारा कोण काढील?

दुधाचा ताप म्हणतात याला,
आणि ताप तेवढा नसतो.
रक्तातला चुना सगळा कासेकडे धावतो,
मागे पाय उरतात, पण पायांत उभं राहणं उरत नाही.

डॉक्टर मुतासिम रियाधला. फोनवर म्हणाले,
हळू दे. घाई केलीस तर काळीज थांबेल.
कुणाचं, ते बोलले नाहीत.

मानेची शीर. सुई. बाटली खांद्याइतकीच उंच,
दुसऱ्या हाताने बरगड्यांमागचं ठोक्यांचं गणित.
मोफज्जल डोकं धरून बसलेला,
तिच्या कानात बांगला भाषेत काहीतरी सांगत होता,
बहुधा पगाराचं.

पंधरा मिनिटं. हात भरून येतो तेव्हा
माणूस खरं बोलतो, निदान स्वतःशी.

दम्मामच्या बंदरात गव्हाच्या काडाचं जहाज अडलं होतं.
भाकड गाईंच्या गव्हाणीत नऊ दिवस
मी लसूणघास घातली.
हिरवी, पाल्याने गच्च, समुद्रापलीकडून आलेली,
मुठीत धरली तर पावसाळ्यातल्या बांधाचा वास.
गाई कशा खुश होत्या!
आणि मिश्रणाच्या कागदावर माझी सही.

व्यायच्या आधी तीन आठवडे गाईला चुना
बेतानेच द्यायचा असतो.
तेव्हा कुठे अंग शिकतं
स्वतःच्याच हाडांत हात घालून काढायला.
भरल्या ताटावर बसलेल्या हाडांना ही विद्या येत नाही.
हे मला ठाऊक होतं. परीक्षेत लिहिलंही होतं,
दहापैकी आठ.

यातून आपल्या परदेशातल्या जगण्याचा
काही अर्थ काढू नये.
मी एकदा काढला होता, मोफज्जलला ऐकवला.
तो म्हणाला, दादा, तू रात्री जेवत जा.
खरं आहे. साडेतीन हजार पोटांचं कोरडं वजन
मी किलोत सांगतो, आणि माझं जेवण
खुबूस, डब्यातला मासा, उभ्याउभ्या.

मग तिच्या मांडीवर थरथर आली,
तळ्यावर वारा यावा तशी.
ढेकर. शेण.
डावी कूस गुरगुरली, मी मूठ रोवून मोजलं:
मिनिटात एकदा, उशिराने दुसऱ्यांदा.
मागचे पाय आधी, मग गुडघे,
मग ती चक्क उभी,
काही झालंच नाही अशा तोऱ्यात,
आणि माझ्या बुटावर मुतली.

मोफज्जल हसला. मग का कोण जाणे
त्याने स्वतःचे कान चाचपले.

तिची कालवड पलीकडच्या पिंजऱ्यात
दुसरीच्या चिकावर झोपली होती.

चारला वैरणीची गाडी.
मी कागद घेतला. भाकड गोठा, लसूणघास: शून्य.
आधीचा आकडा खोडला नाही, शेजारी लिहिला,
दोन्ही दिसू देत.
काड आलेलं नाहीच अजून. मक्याचा मुरघास वाढवू,
क्षार वाढवू, तोंड वाकडं करतील, करू देत.

आठवड्यात ही तिसरी. पहिली दोन दिवसांनी उठली.
दुसरीचा बिल्ला माझ्या खणात आहे.

आज रात्री अजून अकरा व्यायच्या आहेत.
मी एकेकीचे कान धरत
रांगेच्या टोकापर्यंत जातो.